गुरू पाहिजे, पार्किंगची सोय असावी

५ जानेवारी २०२५, रविवार. दुपार

ही डायरी बेअरिंगवाल्याने दिली. दरवर्षी देतो. एरवी ती मी बायकोला, उत्तराला, देतो आणि ती तिच्यात रेसिपीची कात्रणं चिकटवते. यंदा स्वतःकडे ठेवली. कारण आजपासून नोंद ठेवण्यासारखं आयुष्य सुरू होत आहे.

घटना थोडक्यात. सकाळी आकाशवाणीजवळच्या भाजीबाजारात गेलो. बरोबर ओवी (कन्या, वय चौदा, मोबाइलसह). गाडी काढायला गेलो तर मागे बुलेट आडवी लावलेली. मी शांतपणे हॉर्न दिला. नऊ-दहा वेळा. बुलेटवाला आला. अंगाने बुलेटसारखाच, हातात मेथीची जुडी. त्याला पार्किंगचे नियम समजावून सांगायला मी खाली उतरलो. दुसऱ्या नियमावर असताना त्याने माझा चष्मा काढला. ओढला नाही, काढला. दोन्ही काड्या नीट मिटल्या, चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला, वरून दोनदा थोपटलं आणि म्हणाला, काका, घरी जा.

मी घरी आलो.

इथे स्पष्ट नमूद करतो की मी घाबरलो नव्हतो. चष्म्याशिवाय तो मला नीट दिसत नव्हता, आणि नीट न दिसणाऱ्या माणसावर हात उचलणं धोक्याचं. भलत्यालाच लागायचा. याला संयम म्हणतात. 'काका' मात्र खटकलं. मी फक्त सेहेचाळीस आहे.

येताना ओवी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, बघितलंस ना, डोकं असं शांत ठेवायचं. हं, म्हणाली. घरी उत्तराने विचारलं, कोथिंबीर कुठंय? (कोथिंबीर मी नियम सांगताना गाडीच्या टपावर ठेवली होती. पुढे काय झालं माहीत नाही.) ओवी म्हणाली, आज चांगली नव्हती गं. बाकी एक शब्द नाही. पोरीला गोपनीयता कळते. माझ्यावर गेली आहे.

निर्णय : मार्शल आर्ट शिकायची. कुठली ते गुरू बघून ठरवू.

६ जानेवारी, सोमवार

बावीस वर्षं परचेसमध्ये काढली. अंबडला आमच्या कंपनीत तीन पार्ट्या बघितल्याशिवाय मी साधा वॉशर घेत नाही. गुरू तर आयुष्यभराचा. लोक घराजवळ पहिला बोर्ड दिसला की आत शिरतात आणि मग जन्मभर त्याच बोर्डाखाली लाथा झाडतात. मी तसं करणार नाही.

लंच टाइममध्ये तक्ता केला. शंभर मार्क. गुरू माझ्यापेक्षा वयाने मोठा हवा, त्याला वीस. कमी बोलणारा, पंधरा. डोळ्यांत काहीतरी हवं, वीस. विद्या, वीस. पार्किंग, पंचवीस.

उत्तराला खरं कारण सांगितलेलं नाही. शुगर बॉर्डरवर आहे म्हणून शिकतोय, असं सांगितलं. ती म्हणाली, मग आधी जिना चढायला लाग. मी म्हणालो, जिन्याला गुरू लागत नाही. म्हणाली, म्हणूनच सांगतेय. बँकेत काम करणाऱ्या माणसांना दूरचं दिसत नाही.

९ जानेवारी, गुरुवार. पहाटे ५.००

(लिहितोय ८.१० ला. पण ठरलं होतं पाचला.)

गुरू मिळेपर्यंत थिअरी पक्की करावी म्हणून यूट्यूबवर एका पांढऱ्या दाढीच्या मास्टरचे व्हिडिओ सुरू केले आहेत. तो धबधब्याखाली उभा राहून बोलतो. काल त्याची साइड किक करून बघितली. किक उत्तम बसली. टीपॉयला. उजव्या पायाचं नख काळंनिळं. याचा अर्थ ताकद आहे, दिशा देणारा हवा.

ओवी आजपासून ट्यूशनला सायकलने जाणार म्हणते. मी सोडायला नको. का, विचारलं तर म्हणाली, असंच. मुलं स्वावलंबी होत आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. मी ती चांगलीच मानतो.

११ जानेवारी, शनिवार

उमेदवार क्रमांक एक : संतोष सर, कराटे, शाळेचं मैदान, सकाळी सहा. पार्किंग भरपूर.

मी ट्रॅक सूट घालून पोचलो. संतोष सर तिशीचे, दंड शर्टात मावत नाहीत. म्हणाले, पालकांनी प्लीज त्या बाकावर. मी म्हणालो, मी विद्यार्थी. त्यांनी माझ्याकडे, मग बाकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. शेवटी मला सगळ्यात शेवटच्या रांगेत उभं केलं. रांग माझ्या कमरेइतकी होती. पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, अंकल, मूठ अशी नसते, अंगठा तुटेल. सात वर्षांची. तिचं बरोबर होतं, पण सांगण्याची पद्धत होती का ती?

मग मैदानाला फेऱ्या. दुसऱ्या फेरीत मी बुटाची लेस बांधायला थांबलो. आठव्या फेरीपर्यंत बांधत होतो. निघताना सर म्हणाले, काका, आधी महिनाभर नुसतं चालून या, मग बघू.

मार्क एक्केचाळीस. नाकारण्याचं कारण : आकडे जपानीत मोजतात. चारच्या पुढे मी कुठे आहे तेच कळत नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आजच्या दिवशी गोड बोलायचं असतं, मारामारीचा विचार करणं बरं नव्हे. सुट्टी. गुळाच्या पोळ्या चार. (पाच.)

१९ जानेवारी, रविवार

उमेदवार क्रमांक दोन : कमांडर बी. के. मुंबई नाक्याजवळ हॉल घेऊन दोन तासांची वर्कशॉप. रस्त्यावर कुणी अंगावर आला तर काय करायचं, एवढंच शिकवतात. माझ्या गरजेला अगदी फिट. कमांडर म्हणजे लष्करी पँट, काळा चष्मा, सगळं बोलणं इंग्रजीत. हॉलच्या आतसुद्धा काळा चष्मा, त्यामुळे डोळ्यांचे वीस मार्क देता येईनात.

डेमोला मला पुढे बोलावलं. मनगट धरलं आणि किंचित फिरवलं. मी आवाज केला. कुठला ते लिहीत नाही. कमांडरनी ताबडतोब हात सोडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, लय लागलं का हो? मी म्हणालो, नाही. म्हणाले, नाय कसं, पाणी आलं डोळ्यात. मग त्यांनी बॅगेतून बामची डबी काढली आणि मला कोपऱ्यात बसवून स्वतः मनगट चोळलं. चोळता चोळता कळलं, मूळ नाव बारकू, गाव घोटी, घरची भाताची गिरणी. आई अजून म्हणते, लोकांचे हात पिरगाळण्यापेक्षा गिरणीवर बस. माणूस चांगला. जाताना गिरणीचा पत्ता दिला, इंद्रायणी तांदूळ पाहिजे असेल तर सांगा म्हणाले.

मार्क अडतीस. गुरूच्या बॅगेत बाम असणं म्हणजे स्वतःच्या विद्येचा परिणाम त्याला आधीच माहीत असणं. शिवाय गूढ राहिलं नाही.

मात्र सर्टिफिकेट मिळालं. 'अर्बन कॉम्बॅट, लेव्हल वन.' लॅमिनेट करून शोकेसमध्ये लावलं, ओवीच्या टेबलवरून दिसेल असं. संध्याकाळी ती त्याच्यासमोर थोडा वेळ उभी होती. छान, म्हणाली. 'छान' हा शब्द ती कुठल्या सुरात म्हणाली याचा विचार करतोय. बहुधा अभिमान.

२५ जानेवारी, शनिवार

उमेदवार क्रमांक तीन. हा उमेदवार बघायला जाताना ओवीला मुद्दाम बरोबर नेलं. बापाची निवडपद्धती मुलीने बघितलेली बरी.

पिठाच्या गिरणीवर हॉल. ज्युदो. पार्किंग शून्य, गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. मास्टर म्हणून समोर आली ती स्नेहल नावाची मुलगी. सत्तावीस वर्षांची, माझ्या खांद्याइतकी, वजन एखाद्या तांदळाच्या कट्ट्याएवढं. मी विचारलं, सर कधी येतील? म्हणाली, मीच. वयाचे वीस तिथेच गेले.

विचारलं, काय काय शिकवता. म्हणाली, पहिले दोन महिने फक्त पडायला. मी म्हणालो, मॅडम, पडायला क्लास कशाला, ते जन्मतःच येतं. तिने हसून सांगितलं, माझी कॉलर धरा. मी सभ्यपणे दोन बोटांनी धरली. नीट धरा, म्हणाली. नीट धरली. यापुढचं मला सलग आठवत नाही. छत दिसलं. छताला पिठाचं जाळं होतं. माझं डोकं खाली आपटू नये म्हणून तिने हात ठेवला होता, हे नंतर लक्षात आलं. म्हणाली, बघा, तुम्ही दगडासारखे पडता. लागतं ते त्यामुळे.

बाकावर बसलेल्या ओवीने मोबाइल खाली ठेवला होता. चार्जिंग संपलं असावं.

मार्क बावीस. गुरूने पहिल्या भेटीत शिष्याला पाडू नये. मी दुसऱ्याला पाडायला शिकायचं म्हणून निघालोय, आणि ही मलाच पडायला शिकवणार. जिना उतरताना ओवी म्हणाली, बाबा, मॅडमचा नंबर घेतलात का? मी म्हणालो, गरज नाही, आपण त्यांना फोन करणार नाही आहोत. ती म्हणाली, विसरले काहीतरी, आणि वर जाऊन आली. पाच मिनिटं लागली. हिचा वेंधळेपणा उत्तराकडून.

२६ जानेवारी, रविवार

कंपनीत झेंडावंदन. जिलेबी खाताना गेटवरच्या सिक्युरिटीच्या अमोलला सहज म्हणालो, नाशकात खरा मास्टर उरलेला नाही. तो म्हणाला, साहेब, मास्टर-बिस्टर काय नाय, वस्ताद लागतो. मी पाच वर्षं पंचवटीत खंडेराव वस्तादांच्या तालमीत होतो. आमच्या वस्तादांसमोर बैल पण नीट उभा राहतो.

अंगावर काटा आला. आपल्या मातीतली विद्या सोडून मी जपान फिरत होतो. अमोलला विचारलं, वस्ताद बोलतात किती? म्हणाला, बोलतच नाय. डोळे? म्हणाला, डोळ्यात बघायची टाप नाय कुणाची.

न भेटताच शहाण्णव मार्क दिले. चार पार्किंगचे राखून ठेवले.

२ फेब्रुवारी, रविवार

आज वस्तादांचं दर्शन.

तालीम म्हणजे एक लांब खोली, मध्ये लाल मातीचा हौद. दारातच तेलाचा आणि घामाचा वास. खंडेराव वस्ताद पालथ्या बादलीवर बसून ताटलीत भिजवलेले बदाम सोलत होते. वय एकाहत्तर. दोन्ही कान चुरगळून पुन्हा उघडल्यासारखे. ताटली माझ्या बाजूला होती म्हणून मी प्रसाद समजून एक बदाम उचलला. म्हणाले, ते पोरांचे हायेत. ठेवला.

मी माझी पद्धत समजावून सांगितली. तीन उमेदवार बघितले, मार्क दिले, तुम्ही पहिले आलात, अभिनंदन. ते बदाम सोलत राहिले. मग म्हणाले, काय काम करता? परचेस, म्हणालो. म्हणाले, निवडायला आला असाल तर दुकान चुकलं. हितं मी निवडतो.

काय तो आवाज! मी विचारलं, मग माझं काय? त्यांनी कोपऱ्यातल्या फावड्याकडे हात केला. उद्यापासून पाचला यायचं. अकरा दिवस हौद खणायचा, माती उलथीपालथी करायची. मग बघू.

डोळ्यांत खरंच काहीतरी होतं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे म्हणाले, मोतीबिंदूचं. तरी वीसपैकी वीस.

येताना लंगोट घेतला. दुकानदाराने साइज विचारला तेव्हा मी 'मीडियम' म्हणालो. त्याने डबल एक्सएल काढला. उत्तराला सांगितलं, मला खंडेराव वस्तादांनी घेतलं. ती म्हणाली, कशासाठी? जेवताना ओवीलाही सांगितलं. तिने विचारलं, खूप लागतं का हो तिथं? मी म्हणालो, लागलं तर समोरच्याला.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

पोचलो! पाच नाही, पण पाच पन्नासला. वस्तादांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. महान माणूस.

खणायला लागलो. माती दिसते मऊ, पण तेल, ताक, हळद पिऊन तिच्यात जीव आलेला असतो, फावडं सोडतच नाही. पंधरा मिनिटं खणलं. सोळाव्या मिनिटाला कमरेत बारीकशी वीज चमकली. ही शक्ती जागी होत असल्याची खूण, असं मी कुठेतरी वाचलं आहे. जास्त शक्ती एकदम जागी होऊ नये म्हणून निघालो.

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. अकाउंट्सवाले उठून हात मिळवून गेले. (खुर्चीतून उठताना थोडं जपून.)

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो नाही. मसल रिकव्हरी. वाचनात आलं आहे की वाढ विश्रांतीत होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाढ चालू आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

थंडी फार. नऊ डिग्री. अशा थंडीत वस्ताद स्वतःच कुणाला बोलावत नसणार.

ओवीचे हल्ली सोमवार, बुधवार, शुक्रवार एक्स्ट्रा क्लास असतात. गणित म्हणाली बहुतेक. आज कोपराला खरचटलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, पडले. कशी? म्हणाली, नीट. असं उत्तर देतात का? शाळांनी मुलांवर गणिताचा इतका ताण देऊ नये.

१० फेब्रुवारी, सोमवार

अमोलने गेटवर निरोप दिला. वस्ताद म्हणाले, त्या परचेसवाल्या साहेबाला सांग, फावडं वापरलं की जागेवर ठेवायचं असतं. फावडं त्या दिवशी हौदातच राहिलं होतं. सात दिवसांनंतरही वस्तादांना माझी आठवण आहे! अमोलला विचारलं, आणखी काय म्हणाले? अमोल दुसरीकडे बघत म्हणाला, आणखी काय नाय साहेब. गुरू कमीच बोलतो.

मी स्वतःला वस्तादांचा पठ्ठा मानतो. हजेरी ही औपचारिकता आहे. शड्डू ठोकायचा सराव ऑफिसच्या लिफ्टमध्ये करतो. आधी गुडघ्यात वाकायचं, मग मांडीवर थाप. आवाज खणखणीत येतो. शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा एमडी उभे होते. ते जिन्याने गेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार. आडवा पडून

अक्षर वाईट येईल. कारण पुढे येतंय.

संध्याकाळी कंपनीतून घरी येताना पाथर्डी फाट्याला एका टेंपोने रिव्हर्स घेताना माझा डावा इंडिकेटर फोडला. टेंपोत द्राक्षांचे क्रेट. ड्रायव्हर उतरला. पस्तिशीचा, धिप्पाड, बाह्या वर केलेल्या. मला क्षणात कळलं : हीच ती वेळ. पाच आठवड्यांची तयारी. लेव्हल वन. वस्तादांचा आशीर्वाद (अप्रत्यक्ष).

गाडीतून उतरलो. एक शब्द बोललो नाही. चार पावलं पुढे गेलो, त्याच्या समोर उभा राहिलो, गुडघ्यात वाकलो आणि शड्डू ठोकायला हात मांडीवर मारला.

कमरेत ती वीज पुन्हा चमकली. या वेळी मुसळधार.

मी वाकलेला तसाच राहिलो. वर येईना. खाली जाईना. हात मांडीवरून घसरून त्याच्या चपलांपाशी लोंबत होते. मला फक्त त्याच्या पायाचे अंगठे दिसत होते. माणसं जमली. आणि तो अंगठ्यांचा मालक दोन पावलं मागे सरकून ओरडला, ओ साहेब, काय करता! पाया काय पडता! चूक माझी हाय!

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्याला ते 'माफ करा' असं ऐकू आलं. तो आणखी कासावीस झाला. म्हणाला, मी तुमच्या लेकरासारखा, असं नका करू, पाप लागंल मला. मग त्याने मला उठवायला दोन्ही खांद्यांना धरलं आणि माझा जो आवाज निघाला त्याने गर्दी पांगली. तेव्हा त्याला उमगलं. म्हणाला, आरं, कंबर धरली वाटतं.

त्याचं नाव नाथा, पिंपळगाव बसवंतचा. माझी गाडी त्यानेच कडेला लावली, चावी माझ्या खिशात टाकली. टेंपोत क्रेट सरकवून रद्दी पसरली आणि मला त्यावर कुशीला झोपवलं, द्राक्षं ठेवतात तसं, जपून. इंदिरानगरपर्यंत प्रत्येक खड्ड्याआधी ओरडून सांगत होता, साहेब, आला! घरी वॉचमन आणि तो असं दोघांनी मला लिफ्टमध्ये उभं केलं. म्हणजे वाकलेलं.

उत्तराने दार उघडलं. नाथा तिला म्हणाला, ताई, घाबरू नका, जिवंत हायेत. मग माझ्या सोफ्यावर बसून त्याने चहा घेतला आणि मी ऐकत असताना तिला सांगितलं, साहेब लय संस्कारी हायेत. चूक माझी, अन् भर चौकात माझ्या पाया पडले. असा मोठेपणा मी कुणात नाय बघितला. उत्तरा म्हणाली, हो, आहेच तसा. तिच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. कप ठेवायला म्हणून आत गेली ती दहा मिनिटांनी आली, आणि डोळे पुसत होती. कांदा चिरत होते म्हणाली. जेवणात कांदा नव्हता.

जाताना नाथाने द्राक्षांची पेटी ठेवली. इंडिकेटर भरून देणार म्हणतो. द्राक्षं गोड आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हाडांचे डॉक्टर. विचारलं, कसं झालं? कुस्ती, म्हणालो. त्यांनी उत्तराकडे बघितलं. तिने मान हलवली, आडवी. त्यांनी 'वाकताना' असं लिहिलं. दहा दिवस उताणं पडून राहायचं. नंतर फिजिओथेरपी.

तक्ता दुरुस्त केला. खंडेराव वस्ताद आता चोपन्न. अकरा दिवस खणायला सांगण्याआधी त्यांनी शिष्याची कंबर तपासायला हवी होती. आमच्याकडे माल उतरवण्याआधी इन्स्पेक्शन असतं.

म्हणजे आजमितीला एकही उमेदवार पात्र नाही. पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागेल. केरळात काही चांगले असतात म्हणे.

१६ फेब्रुवारी, रविवार. उताणा

सकाळी ओवी खोलीत आली. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. म्हणाली, बाबा, सही पाहिजे, क्लासच्या फॉर्मवर. दोन्ही पालकांची लागते, आज द्यायचाच आहे, मॅडम आणखी थांबणार नाहीत. मी म्हणालो, गणिताला फॉर्म कशाला? तिने फोल्डर माझ्या छातीवर ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसली.

वर लिहिलं होतं, ज्युदो वर्ग. पत्ता गिरणीवरचा. वार सोम, बुध, शुक्र.

खाली उत्तराची सही. तारीख २७ जानेवारी.

उत्तराला हाक मारली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, अरे, तुझं सिलेक्शन चालू होतं, म्हटलं डिस्टर्ब नको. मी विचारलं, तुला आणखी काय काय माहीत आहे? म्हणाली, कोथिंबिरीपासून सगळं. ओवीने त्याच दिवशी सांगितलं, रडत होती. तू बोलशील म्हणून थांबले होते.

सहा आठवडे. म्हणजे शुगरचं, नखाचं, सर्टिफिकेटचं, सगळं ऐकून घेत होती ही बाई.

फॉर्ममध्ये तिसरा रकाना होता : का शिकायचं आहे? त्यात ओवीने लिहिलं होतं, शाळेच्या अक्षरात :

'पाच जानेवारीला बाजारात एक माणूस अंगावर आला तेव्हा बाबा एकटेच खाली उतरले. मी गाडीत बसून राहिले. मला भीती वाटली. पुढच्या वेळी मला त्यांच्याबरोबर उतरायचं आहे.'

दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक सापडते का बघितलं. नव्हती.

मग छताकडे बघत राहिलो. ओवी म्हणाली, बाबा, दुखतंय का? हो म्हणालो. म्हणाली, कुठे? मी म्हणालो, कमरेत, आणखी कुठे.

तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. मी उतरलो तो नियम सांगायला. माणूस एवढा मोठा असेल असं गाडीतून वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझे पाय स्टिअरिंगखाली थरथरत होते. हे सगळं मी तिला एकदा सांगेन. आज तिला उशीर होत होता.

तिने हाताचा आधार देऊन मला कुशीवर वळवलं. एका हाताने पाठ, एका हाताने खांदा, अजिबात कळ न येता. कुठे शिकलीस, विचारलं. म्हणाली, तिसऱ्या आठवड्यात. सही केली. तिने पुन्हा सरळ केलं.

दाराशी गेली आणि परत आली. फोल्डरमधून दुसरा फॉर्म काढला, कोरा. म्हणाली, रविवारी मोठ्यांची बॅच असते. मॅडमनी विचारलंय, तुझे बाबा परत का नाही आले. मी म्हणालो, अजून केरळचं बघायचं बाकी आहे. बरं, म्हणाली, आणि फॉर्म माझ्या पोटावर ठेवून गेली.

आता घरात कुणी नाही. उत्तरा भाजीला गेली आहे. फॉर्म हातात धरून वर उचलला. नाव लिहिलं. वय लिहिलं, सेहेचाळीस. तिसऱ्या रकान्यात 'फिटनेस' लिहिलं. खोडलं. 'शुगर' लिहिलं. तेही खोडलं. मग पेन तिथेच थांबलं.

बॉलपेन वर तोंड करून धरलं की शाई उतरत नाही. हे कुणालाही माहीत आहे.